स्टार्टर पिचरला (पहिल्यापासून चेंडू टाकणाऱ्याला) नऊपैकी सहाव्या इनिंगनंतर बसवायचं की खेळू द्यायचं? (बेसबॉलप्रेमींसाठी धागा)

बर्फातला_मुंबईकर
नमस्कार मंडळी. २०२५ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकेतल्या मेजर लीगची अंतिम मालिका) संपून दोन आठवडे झाले, इकडे मिशिगनमध्ये बर्फ पडायला लागला, तरी १० ऑक्टोबरची रात्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

आमच्या डेट्रॉइट टायगर्सची सिॲटलच्या टीमविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, बाद फेरीच्या मालिकेतली पाचवी, म्हणजे निर्णायक मॅच. आमचा स्टार्टर तारिक स्कूबल याने सहा इनिंगमध्ये १३ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. दिल्या फक्त दोन हिट आणि एक रन. आपल्याकडे २-१ आघाडी. त्याचे ९९ पिच (चेंडू) टाकून झाले होते. सातव्या इनिंगला बघतो तर माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) दुसराच माणूस! त्याच इनिंगमध्ये बरोबरी झाली, आणि मग १५व्या इनिंगला आम्ही ३-२ ने हरलो. शुक्रवार होता म्हणून नऊ वर्षांच्या मुलीला जागू दिलं होतं. तिने विचारलं, "बाबा, तो दमला होता का?" मला उत्तर देता आलं नाही.

परवा त्याच स्कूबलला सलग दुसऱ्यांदा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला. आनंद झाला आणि पुन्हा तीच कळ आली. दुसरीकडे डॉजर्सच्या यामामोटोने याच पोस्टसीझनमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) लागोपाठ दोन सामने पहिल्या पिचपासून शेवटच्या पिचपर्यंत एकट्याने काढले. म्हणजे हे आजही जमतं. मग बाकीच्यांना पाचव्या-सहाव्या इनिंगला का उठवतात? तुमच्या टीमचं काय चाललंय? मनापासून लिहा.

नीळकंठ_टोरांटो
यामामोटोचं नाव काढलंत आणि आमच्या घरातली शांतता भंगली. :)

१ नोव्हेंबरच्या रात्री, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या आणि शेवटच्या सामन्याला, आमच्याकडे चार कुटुंबं जमली होती, मिसळीचं पातेलं रिकामं झालं होतं. नवव्या इनिंगला बरोबरी, बेस भरलेले, एकच आउट. आमच्या ब्लू जेजचा माणूस तिसऱ्या बेसवरून धावला आणि होम प्लेटवर बोटभर अंतराने बाद झाला. समोर यामामोटो. आदल्याच रात्री सहाव्या सामन्यात ९६ पिच टाकलेला! सातव्या सामन्यात परत येऊन त्याने आणखी ३४ टाकले. अकराव्या इनिंगला डबल प्लेने (एकाच चेंडूवर दोघे बाद) सगळं संपलं तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. माझी बायको एवढंच म्हणाली, "हरायचं तर अशा माणसाकडून."

मला त्याचा राग येत नाही. बुलपेनमधल्या (राखीव पिचरांच्या कट्ट्यावरच्या) सात अनोळखी चेहऱ्यांनी हरवलं असतं तर आला असता.

आकडेमोड
मी डेटाचं काम करतो आणि जायंट्सचा चाहता आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

स्टार्टरला लवकर काढतात ते मॅनेजर (टीमचा मुख्य प्रशिक्षक) घाबरतो म्हणून नाही. तोच फलंदाज त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा उभा राहतो तेव्हा त्याने त्याचा स्लायडर (वळणारा पिच) कुठे वळतो हे दोनदा पाहिलेलं असतं. तिसऱ्या फेरीत फलंदाज जास्त मारतात, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींत दिसतं. त्याच वेळी बुलपेनमध्ये ताज्या दमाचा, ताशी ९८ मैलांनी टाकणारा माणूस बसलेला असतो. गणित साधं आहे. टॅम्पा बेने तर २०१८ मध्ये सर्जिओ रोमो या रिलीव्हरलाच (एरवी मधे येणाऱ्या पिचरला) पहिल्या इनिंगला पाठवलं आणि 'ओपनर' हा प्रकार रूढ केला.

हेच गणित २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच टॅम्पाच्या अंगाशी आलं, हेही मान्य करतो. सहाव्या सामन्यात ब्लेक स्नेलचे जेमतेम ७३ पिच झाले होते, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट. त्याला काढलं, डॉजर्सच्या मूकी बेट्सने आल्या आल्या डबल (दोन बेस मिळवणारा फटका) मारला आणि डॉजर्स जिंकले.

फेनवेची_सावली
आकडेमोड, तुमचं गणित खरं असेल. पण मी तिकीट काढते ती एका माणसाची गोष्ट बघायला.

मी आजही फेनवेला (बॉस्टन रेड सॉक्सच्या मैदानावर) पेन्सिल आणि स्कोरबुक घेऊन जाते. १९९८ साली बॉस्टनला आले तेव्हा शेजारच्या बाईंनी शिकवलं. पान आडवं धरायचं, स्ट्राइकआउटला 'के', फलंदाज बॅट न फिरवता बघत उभा राहिला तर उलटा 'के'. पिचरच्या रकान्यात तेव्हा दोन, फार तर तीन नावं यायची. पेड्रो मार्टिनेझचा दिवस असला की एका नावासमोर उभ्याच्या उभ्या 'के'ची माळ. आता छापलेल्या ओळी पुरत नाहीत, समासात बारीक अक्षरात नावं कोंबावी लागतात. गेल्या उन्हाळ्यात एका सामन्यात सहावं नाव लिहिताना पेन्सिलीचं टोकच मोडलं. घरी येऊन पान बघितलं तर कुणी काय केलं ते मलाच आठवेना.

पिच क्लॉकबद्दल (पिचरला ठरावीक सेकंदांत टाकायला लावणारं घड्याळ) मात्र मी अगदी खूश आहे. २०२२ मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास ४ मिनिटं चालायचा, क्लॉक आल्यावर २०२३ मध्ये तो २ तास ४० मिनिटांवर आला. कोल्हापूरहून आलेले सासरे पूर्वी पाचव्या इनिंगला घोरायचे. क्लॉक आल्यानंतरच्या भेटीत शेवटपर्यंत जागे होते आणि वर "पोरगं उगाच टोपी नीट करत बसत नाही आता" असं प्रशस्तिपत्रकही दिलं.

सदाशिव_पेठी
पुण्यात बसून हा धागा वाचतोय. बेसबॉलमधलं फारसं कळत नाही, पण एक प्राथमिक शंका. ९९ पिच म्हणजे आपली साडेसोळा षटकं. आमचे बापू नाडकर्णी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं टाकून आले, त्यात २७ निर्धाव, त्यातही २१ लागोपाठ. धावा फक्त पाच. आणि हा गडी साडेसोळा षटकांत बसला, तेही चार-पाच दिवसांची विश्रांती घेऊन? आणि मधे अर्धा सामना डगआउटमध्ये बसून?

बर्फातला_मुंबईकर
सदाशिव_पेठी, स्वागत. बापूंचा विक्रम इथे निघेल असं वाटलं नव्हतं, वाचून बरं वाटलं. शंका रास्त आहे. आपल्यात कुणी डॉक्टर आहे का?

हाडवैद्य
आहे. ऑर्थोपेडिक्समध्येच आहे, ह्यूस्टनला.

क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना हात जवळपास सरळ राहतो आणि धावत येण्याचा वेगही कामी येतो. सगळा भार पाठीवर, गुडघ्यावर, घोट्यावर जातो. बुमराची पाठ म्हणूनच जपावी लागते, यंदा इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी तो खेळला ते आठवा. नाडकर्णी तर फिरकी टाकायचे, त्यांचा हिशेब निराळा. पिचर उभ्या जागेवरून, हात कोपरात वाकवून, चाबकासारखा फिरवतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला हाड जोडणारी एक छोटी पट्टी असते. जोरात टाकलेल्या प्रत्येक पिचला तिच्यावर ती सोसू शकेल त्या मर्यादेच्या जवळपास ताण येतो. शेजारचे स्नायू दमले की ताण वाटून घ्यायला कुणी उरत नाही. एक दिवस ती फाटते.

पूर्वी फाटली की कारकीर्द संपायची. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या कोपरात दुसरीकडची कंडरा बसवली. तो १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला, शस्त्रक्रियेआधीपेक्षा जास्त! म्हणून शस्त्रक्रियेलाच त्याचं नाव पडलं.

ती कंडरा कुठून घेतात ते बघायचंय? तळहात वर करा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी उभं राहील. ती बहुतेक वेळा हीच. काही माणसांना ती नसतेच, आणि नसली तरी काही अडत नाही.

सदाशिव_पेठी
करून पाहिलं. उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही! बायकोला दोन्हीकडे आहे. आता घरात सगळे मनगटं वाकवून बसलेत. डॉक्टर, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. ९९ पिचचा अर्थ आत्ता कळला.

झणझणीत_शिकागो
माझ्या दोन्ही हातांना नाही हो! मला काही झालं तर?

हाडवैद्य
पायातून घेतील. काळजी नसावी.

एडिसनकर
हाडवैद्यांनी लिहिलेलं वाचताना घशाशी आलं. आमच्या न्यू यॉर्क मेट्सबद्दल लिहिणार होतो, ते राहू द्या.

माझा मुलगा ११ वर्षांचा. लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) त्याच्या वयाला दिवसाला ८५ पिचची मर्यादा आहे, ६६ च्या वर गेलं की चार दिवस हात बंद. मी स्वतः स्टँडमध्ये हातात क्लिकर घेऊन मोजायचो, टक टक टक. पण तो गावोगाव स्पर्धा खेळणाऱ्या एका ट्रॅव्हल टीमकडूनही खेळायचा. शनिवारी इकडे ७० पिच झाले, मी तिथल्या कोचना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तो आकडा त्यांचा, आमचा शून्यापासून." आणि मी, शिकलासवरलेला बाप, गप्प बसलो. कारण फायनल होती आणि पोराला खेळायचं होतं.

सोमवारी सकाळी पोहे खाताना त्याने चमचा डाव्या हातात धरला होता. मी विचारलं तर म्हणाला, "असंच." त्या 'असंच'ने मी अजून दचकून जागा होतो. डॉक्टरांनी सांगितलं, कोपराच्या वाढीच्या भागाला सूज आहे. तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही. नशीब की तेवढ्यावर निभावलं.

म्हणून मुंबईकर, तुमची कळ समजते, पण आता कुठलाही मॅनेजर पिचरकडे चालत गेला की मला आधी हायसं वाटतं.

फेनवेची_सावली
एडिसनकर, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मुलगा आता कसा आहे?

एडिसनकर
बरा आहे, फेकतो आहे, थोडं थोडं. विचारलंत, आभार.

कोपराचा विषय निघालाच आहे तर आमच्या मेट्सचा पिचर आर. ए. डिकी सांगतो. १९९६ साली टेक्सासच्या टीमने त्याला ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले होते. तपासणीत कळलं की हाडवैद्य म्हणतात ती कोपरातली पट्टी त्याला मुळी नाहीच! रक्कम ७५ हजारांवर आली. पुढे कितीतरी वर्षं त्याने धडपड केली, शेवटी नकलबॉल शिकला. नखांच्या टोकांनी धरायचा, फिरकी अजिबात द्यायची नाही, मग चेंडू हवेत हेलकावे खात जातो आणि मागे झेल घेणाऱ्या कॅचरलाही कळत नाही कुठे पडणार. २०१२ साली त्याने वीस सामने आणि साय यंग जिंकलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत तो किलिमांजारो चढला होता, मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या मुलींना सोडवणाऱ्या संस्थेला मदत म्हणून. पुढच्या जानेवारीत स्वतःच्या मुलींना घेऊन मुंबईला येऊनही गेला. माझं मूळ शहर ते, त्यामुळे त्याचा शर्ट आजही कपाटात जपून ठेवलाय.

नीळकंठ_टोरांटो
आणि मेट्सनी त्याला लगेच आमच्याकडे पाठवून दिलं, चार वर्षं आमच्याकडून खेळला! अवांतर: यामामोटो सरावात छोटा भाला फेकतो, वजनं उचलत नाही, हे वाचून मला आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवले. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, बेसबॉल कधी पाहिलाही नव्हता, २००८ मध्ये पिट्सबर्गच्या टीमने करारबद्ध केले.

सेंट_लुईसचे_आजोबा
मुलांनो, मी ७७ वर्षांचा आहे. सांगलीहून १९७२ साली इथे शिकायला आलो. रेडिओवर जॅक बक इथल्या कार्डिनल्स टीमचं समालोचन करायचे, प्रयोगशाळेत रात्री तोच आवाज सोबतीला. माझं इंग्रजी त्यांच्यामुळे सुधारलं. १७ जुलै १९७४ ला बुश स्टेडियममध्ये मी वरच्या स्वस्त जागेवर होतो, बॉब गिब्सनने कारकिर्दीतला ३००० वा स्ट्राइकआउट घेतला तो दिवस. त्याचा गुडघा तेव्हा गेलेला होता. उजव्या पायावर जोर देऊन तो असा झोकून द्यायचा की पिच टाकल्यावर पहिल्या बेसच्या बाजूला कलंडल्यासारखा जायचा. १९६८ मध्ये त्याने ३४ पैकी २८ सामने स्वतः संपवले, ईआरए (दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यावर पडणारे रन) १.१२. पिचर इतके भारी ठरले की पुढच्या वर्षी माउंड १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. स्टीव्ह कार्लटन आमचाच. पगारावरून वाद झाला आणि १९७२ मध्ये फिलाडेल्फियाला देऊन टाकला. त्याच वर्षी त्याने तिकडे ३० सामने एकट्याने संपवले, टीमच्या ५९ विजयांपैकी २७ त्याचे.

हे आठवलं की छाती भरून येते. पण एडिसनकरांचं वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटते. आम्ही गिब्सन आणि कार्लटन सांगतो कारण ते टिकले. त्या काळी रेडिओवर अधूनमधून ऐकू यायचं, अमक्याचा हात दुखतोय. पुढच्या महिन्यात त्याचं नाव यायचं बंद व्हायचं. कुणी विचारायचंही नाही. मीही विचारलं नाही. आज त्यातलं एक नाव मला सांगता येणार नाही.

आकडेमोड
आजोबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याला जोडूनच सांगतो. २०२४ च्या संपूर्ण हंगामात तीसच्या तीस टीमचे मिळून २८ सामने पिचरने एकट्याने संपवले. म्हणजे १९७२ च्या कार्लटनपेक्षा दोन कमी.

पण पिच कमी करूनही कोपरं वाचलेली नाहीत. गेरिट कोलच्या कोपरावर शस्त्रक्रिया, डीग्रॉमच्या दुसऱ्यांदा, ओहतानीच्या दुसऱ्यांदा, यादी संपत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगनेच पाहणी प्रसिद्ध केली. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ झाला. तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते वेगाच्या हव्यासावर आणि प्रत्येक पिचला पूर्ण जोर लावण्यावर. पाचच इनिंग टाकायच्या आहेत म्हटल्यावर कोण राखून टाकेल? पूर्वीचे पिचर खालच्या क्रमांकाच्या फलंदाजांना निम्म्या जोरावर काढायचे. राखून टाकण्याची ती कला लहान मुलांनाही आता कुणी शिकवत नाही, तेही वेगाच्याच मागे.

तेव्हा मी माझं म्हणणं थोडं बदलतो. एका सामन्यापुरतं मॅनेजरचं गणित बरोबर असतं, सगळ्या खेळासाठी चुकतं. आणि एकटा मॅनेजर ते सोडू शकत नाही, कारण समोरचा सोडणार नाही. नियमच हवा. सध्या टीमच्या २६ जणांत १३ पिचर चालतात, ते अकरा करा, म्हणजे स्टार्टरला जास्त वेळ टाकावंच लागेल. किंवा ॲटलांटिक लीगने २०२१ मध्ये करून पाहिलं तसं करा, स्टार्टरला काढलंत की तुमचा डेझिग्नेटेड हिटरही (पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा) गेला.

झणझणीत_शिकागो
अकराला माझं अनुमोदन. क्लॉक येतानाही सगळे ओरडले होते, आता कुणाला आठवतही नाही.

फेनवेची_सावली
मलाही अकरा चालतील. २०२६ च्या हंगामापासून पिच स्ट्राइक की बॉल, या पंचांच्या निर्णयावर मशिनकडे दाद मागता येणार आहे, प्रत्येक टीमला दोनदा. ते यायलाच हवं होतं. फक्त ती दाद पिचर, कॅचर किंवा फलंदाजानेच स्वतः, डोक्याला हात लावून मागायची, डगआउटमधून कुणी सांगायचं नाही. हे मला फार आवडलं. निर्णय मैदानातल्या माणसाकडे परत आला. पिचर बदलण्याबाबतही थोडं असंच व्हायला हवं.

बर्फातला_मुंबईकर
सगळ्यांचे आभार. सगळं वाचून पुन्हा माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

स्कूबल कॉलेजला सिॲटललाच होता. तिथे असतानाच २०१६ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन झाली, २०२२ मध्ये त्याच हातावर आणखी एक शस्त्रक्रिया. त्याच शहरात, त्याच कोपराने त्या रात्री त्याने ते ९९ पिच टाकले. हे मला माहीत होतं, पण हाडवैद्यांचं वाचेपर्यंत जाणवलं नव्हतं. यंदा २५ मे ला क्लीव्हलंडविरुद्ध त्याने ९४ पिचमध्ये पूर्ण सामना संपवला आणि शेवटचा पिच ताशी १०२.६ मैलांनी टाकला. आम्ही सगळे सोफ्यावर उभे राहून ओरडलो होतो. आज तो आकडा लिहिताना पोटात थोडं कालवलं.

तरीही, खरं सांगतो, सातव्या इनिंगचा पहिला फलंदाज त्यालाच द्यायला हवा होता असं मला अजून वाटतं. एक फलंदाज. मग बघितलं असतं.

मुलीला काल रात्री हाडवैद्यांची मनगटाची युक्ती दाखवली आणि म्हटलं, दमला असेल गं, त्याच्या आत काय चाललं होतं ते आपल्याला दिसत नाही. तिने मनगट वाकवून बराच वेळ त्या दोरीकडे बघितलं. मग म्हणाली, "मग त्यालाच विचारायचं ना."

हाडवैद्य
मुलगी हुशार आहे. आम्हीही हेच शिकवतो, आधी पेशंटला विचारा.

एडिसनकर
आमच्या चिरंजीवांनी हा धागा माझ्या खांद्यावरून वाचला, म्हणजे मी वाचून दाखवला. त्याने जाहीर केलंय की वसंतात तो कॅचर होणार. मी खुशीत होतो, तर म्हणतो, "आणि मधे मधे पिचिंग."

हाडवैद्य
एडिसनकर, लिटल लीगचा नियम बघून ठेवा. चार इनिंग कॅचर राहिला की त्या दिवशी पिचिंग बंद, आणि ४१ पिच टाकले की त्या दिवशी कॅचर होता येत नाही. कॅचरही प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकतच असतो, तेही मोजा.

एडिसनकर
क्लिकर ड्रॉवरमधून काढला. बॅटरी लागत नाही त्याला, चालू आहे.